जांभळं धान आणि देवानंदचे दात

दुर्गजवळच्या आमच्या कोहक्यात असं बोललं जातं की बेबीताई रहांगडालेनं सख्ख्या दिराची चार बोटं विळ्यानं उडवली आणि कुत्र्याला टाकली.

आमच्या गल्लीतली पार्लरवाली हे थ्रेडिंगचा धागा दातात धरून सांगते, ओठ न हलवता: "पाँचवीं भी लतक रही थी, दीदी." कोपऱ्यावरचा ऑटोवाला म्हणतो, रक्त त्याच्या सीटवर सांडलं होतं, आणि जो विचारेल त्याला उठवून डाग दाखवतो. डाग पानाचा आहे. लतिकाकाकू मूळच्या रायपूरच्या, त्यांचं मराठी इस्त्री केलेलं. त्या पदर तोंडाशी नेतात आणि म्हणतात, "आणि ऐकलंस का, ते कुत्रंसुद्धा संध्याकाळपर्यंत गेलं म्हणे."

तिघांचेही आवाज मला जमतात. पण जे झालंच नाही त्याची नक्कल किती दिवस करणार? मी तिथं होते, म्हणून सांगते. देवानंद रहांगडालेची दहाही बोटं जागेवर आहेत. परवाच दुर्गला कोर्टासमोर तो त्याच बोटांत उसाच्या रसाचा ग्लास धरून उभा होता आणि कडेकडेनं पीत होता, कारण गेले ते दात. वरचे, समोरचे, दोन. तेही विळ्यानं नाही, पायपानं. प्लास्टिकचा, हातभर लांब, भोकं पाडलेला पायप. कुत्रं ठणठणीत आहे. त्याचा यात काही संबंधच नव्हता.

बेबीताई माझी आत्या. कोहक्यात आमचं आणि तिचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तिचा आवाज मी जन्मल्यापासून ऐकतेय. माहेर गोंदियाकडचं. तिकडच्या जुन्या बाया बोलतात तशी 'मी जातो, मी मारतो' बोलते, आणि बोलताना तोंडाआधी हात निघतो. तिचं एक वाक्य ठरलेलं आहे: "जेवून घे, मंग मारतो." ही धमकी नाही. आधी खरंच ताट येतं, आणि मग खरंच पाठीत बसते. मी गल्लीत सगळ्यांच्या नकला करते, आत्याची कधी केली नव्हती. का ते सांगायला नको.

मार तिनंही खूप खाल्लाय. नरहरी फुफाजी, म्हणजे तिचा नवरा, स्टील प्लांटात लोको चालवायचे. ड्यूटीवरून आले की हेल्मेट खुंटीला आणि पट्टा हातात. कारण लागायचं नाही. भाजीत मीठ जास्त, इंजिनात बिघाड, काहीही चालायचं. आत्याला डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं. रिटायर झाल्यावर फुफाजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं अर्धं राहिलं. आता आत्या त्यांना न्हाऊ घालते, घास भरवते आणि त्यांनी गोळी थुंकली की एक ठेवून देते. "ह्याच हातानं लय मारलं तुमी," असं म्हणत त्यांच्या लुळ्या हाताला तेल चोळते. लाडानं म्हणते की रागानं, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि आवाजातलं मला कळत नाही असं फार कमी असतं.

भांडण जमिनीचं. धमधा रोडवर, चिंगरीडीह गावात फुफाजींच्या वडिलांनी चार एकर घेऊन ठेवली होती, दोघा भावांची सामायिक. शेती फुफाजी बघायचे. धाकटा भाऊ देवानंद जमिनीचं काम करतो. म्हणजे शेत करत नाही, शेत कापतो. चुना मारून प्लॉट पाडतो. सिविक सेंटरजवळ त्याचं ऑफिस आहे, त्यात मासे आहेत आणि मासेसुद्धा त्याला घाबरून काचेच्या एका कोपऱ्यात राहतात. भाऊ खाटेला लागल्यावर अक्तीच्या दिवशी, म्हणजे इकडं शेतीचं वर्ष सुरू होतं त्या दिवशी, तो आत्याच्या घरी येऊन बसला. त्याचं प्रत्येक वाक्य 'देखो'नं सुरू होतं आणि 'प्रॅक्टिकल'वर संपतं.

"देखो वयनी, शेती मरदाचं काम आहे. भाऊ उठू नाई शकत. तुमी काय नांगर धरसान? जरा प्रॅक्टिकल..."

"एक खरीप द्या मले," आत्या म्हणाली. "पीक नाई आलं तं मी सोताहून अंगठा देतो. कापा मंग प्लॉट."

"आन आलं तं?"

"तं ह्या घरात पुन्ना प्लॉटचं नाव काढाचं नाई. मी आहो तवर शेत मी करतो."

फुफाजींनी डाव्या हातानं खाटेवर थाप मारली. मंजूर. देवानंद हसला. तेव्हा त्याचे दात छान होते.

तो हसला कारण मागची दोन वर्षं पाऊस लांबला होता आणि सगळ्या गावाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, वाफ्यातच वाळून गेले होते. आत्यालाही ते माहीत होतं. म्हणून ती दुर्गला शेतकऱ्यांच्या एका मेळाव्याला गेली. निमंत्रण फुफाजींच्या नावाचं होतं. स्टेजवरच्या साहेबानं विचारलं, "नरहरी जी कौन हैं?" आत्यानं हात वर केला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मैडम, ये किसानों के लिए है." आत्या म्हणाली, "तं मी काय बांगड्या घ्यायले आलो?" आणि पहिल्या रांगेत बसली.

तिथून ती तीन गोष्टी डोक्यात घेऊन आली. एक, पावसाची आणि पऱ्ह्यांची वाट पाहायची नाही. कोरड्या जमिनीत मशीननं ओळीत धान पेरून टाकायचं, पाऊस येईल तेव्हा ते आपोआप उगवेल. दोन, शेत पाण्यानं भरून ठेवायचं नाही. भोकांचा एक पायप जमिनीत गाडायचा, त्यात डोकावायचं आणि पाणी फार खाली गेलं तरच मोटर चालू करायची. तिसरी गोष्ट एक पोतं होतं. असं धान पेरलं की तण फार माजतं, आणि सावा, करगा ही तणं अगदी धानासारखीच दिसतात. त्यावर उपाय म्हणून जांभळ्या पानाचं बियाणं. जांभळं ते धान, हिरवं ते तण.

पेरणीच्या दिवशी पहिला तमाशा झाला. चिंगरीडीहला बाईनं नांगराला हात लावायचा नाही. लावला तर पाऊस रुसतो असं मानतात. पेरणीचं मशीनही नांगरातच मोजलं गेलं. भाड्याच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर म्हणाला, बाईच्या सांगण्यावरून पेरणार नाही, गाव मला मारेल. "गाव मंग मारंल, मी आत्ताच मारतो," म्हणत आत्यानं त्याला कॉलर धरून खाली ओढला. त्याची एक चप्पल वरच राहिली. "लोको चालवनाऱ्याची बायको आहो मी. कलच कोनता, तेवढं सांग." पहिल्या ओळी दारू प्यायल्यासारख्या गेल्या. शेवटच्या सरळ होत्या.

आणि पाऊस खरोखरच लांबला. आता काय, सगळं आत्यावर आलं. पण पहिला दगड मारला तो एका बाईनं.

सुशीला तिचं नाव. रोवणी करणाऱ्या बायांच्या टोळीची मुखिया. चिखलात वाकून रोपं लावायचं काम गावात बायाच करतात, आणि आत्यानं थेट पेरल्यामुळे त्या चार एकरांची रोवणीच गेली होती. सुशीलाचा आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा आहे, नक्कल करताना माझा घसा दोन वाक्यांत बसतो. "हमर बनी खा दिस ये!" ती बांधावरून ओरडली. बनी म्हणजे मजुरी, ती हिनं खाल्ली. मग टोळीच आली. आत्याचे केस धरून तिला ढेकळांवर लोळवलं. आत्यानं सुशीलाच्या हाताला असा चावा घेतला की ते दातांचं कडं अजून दिसतं. शेवटी दगड कपाळावर बसला आणि आत्याचा एक डोळा रक्तानं भरला. दवाखान्यात टाके घालताना ती डॉक्टरवर डाफरली, "हळू शिव बाप्पा, गोधडी हाये का?"

पाऊस आला, पेरलेलं उगवलं, आणि वाढता वाढता सगळं जांभळं झालं. चारी बाजूंना हिरवं गवत आणि मध्ये आत्याचं शेत, चेहऱ्यावर मुका मार बसल्यासारखं. तेव्हा गावात तो शब्द निघाला. टोनही. म्हणजे करणी करणारी बाई. इकडं हा शब्द नुसता शिवी नसतो. ज्या बाईला तो चिकटतो तिला लोक घरातून ओढून मारतात. आत्यानं नांगर धरला, पाऊस अडवला, आता शेत काळं केलं. देवानंद मोटरसायकलवर येऊन फोटो काढून गेला आणि पानठेल्यावर फोटो दाखवत म्हणाला, "देखो भई, मैं मानता नहीं ये सब. लेकिन प्रॅक्टिकल में देखो, क्या दिख रहा है?" पुढच्या रविवारी आम्ही शेतावर गेलो तर मोटरच्या खोलीचं दार फोडलेलं होतं आणि उंबऱ्यावर लिंबं चिरून ठेवली होती. आत्यानं ती लिंबं उचलली, धुतली आणि वरणात पिळली.

त्याच जेवणाला आमची पैज लागली. मी म्हणाले, "पान जांभळं तं भातबी जांभळाच निंघन. फुफाजी खानार नाईत पाह्य."

"पांढरा निंघते."

"जांभळा."

"लाव शर्यत. मी हरलो तं वर्सभर तुले हात नाई लावत."

"आन मी हरले तं?"

"गल्लीत समद्यायची नक्कल करतं ना? माजी करजो. माह्या तोंडावर."

मी हो म्हटलं. जांभळ्या रोपाचा पांढरा भात कुठं असतो?

तण माजायला लागलं तसं आत्या एका सकाळी कपाळावर टाक्यांची खूण घेऊन सुशीलाच्या दारात उभी राहिली. सुशीला मुसळ हातात घेऊनच बाहेर आली.

"टोनही के खेत मा नइ जावँव."

"जाऊ नको. गावात दुसऱ्या कोनाचा पऱ्हा जगला का? कुटं आहे तुही रोवनी?"

कुठंच नव्हती. सगळ्यांचे पऱ्हे वाळले होते. आत्या म्हणाली, "माही रोवनी गेली, पन निंदनी दुप्पट आहे. समदी तुह्या टोळीले देतो. दगड मारला त्याचं मंग पाहून घेऊ." सुशीलानं मुसळ भिंतीला टेकवलं आणि आत्याच्या मागं शेतापर्यंत आली. एक हिरवं उपटलं, एक जांभळं सोडलं, पुन्हा एक हिरवं उपटलं. मग तिला हसू फुटलं. "ए ला तो अंधरी घलो निंद डारही!" हे तर आंधळीसुद्धा निंदून टाकेल. ठरलं, सोमवारी टोळी येणार.

सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा टोळी यायची होती, पण शेतात माणसं होती. देवानंद, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि त्याच्या ऑफिसातली दोन पोरं, एक गॉगलवाला, एक पांढऱ्या बुटांचा. तिघंही वाकून पीक उपटत होते. बांधावर उपटलेल्याचे ढीग पडले होते. पीक नाही तर जमीन त्याची, असं ठरलेलंच होतं, आणि तो पीकच संपवायला आला होता.

मी किंचाळले. आत्यानं माझ्या तोंडावर असा हात मारला की ओठ दातांवर आपटला. "चूप. पाह्य आंधी."

मी पाहिलं. ढीग हिरवे होते. सगळेच्या सगळे.

रहांगडाल्यांच्या घरात, गावातल्या प्रत्येक घरात, निंदणी बायाच करत आल्यात. मरद नांगर धरतो, पाणी सोडतो, कापणीला उभा राहून शिट्टी वाजवतो. पीक गुडघ्याएवढं असताना वाकून पान बघायची पाळी देवानंदवर जन्मात आली नव्हती. हिरवं ते धान आणि काळं ते करणीचं गवत, एवढंच त्याला माहीत. त्यानं आत्याचा सावा आणि करगा मुळासकट उपटला होता आणि जांभळं धान एकेक जपून सोडलं होतं. अंगाला लागू नये म्हणून.

आत्या बांधावर बसली. डबा उघडला. भाकर आणि ठेचा खाल्ला, सावकाश. पोरं घामानं निथळत होती. गॉगलवाल्याचा गॉगल चिखलात पडला, त्यानं तो शर्टानं पुसला, आता शर्टही गेला. एवढ्यात सुशीला आणि तिच्या बाया आल्या आणि आत्याच्या इशाऱ्यानं गप उभ्या राहिल्या.

शेवटी देवानंद कंबर धरून सरळ झाला. "देखो वयनी. धान तं गेलं. आता हे काळं कापत बसा तुमी."

"झालं का भाऊजी? तिकडली पट्टी राहिली."

"कोनती पट्टी?"

"सावा आहे ना तिकडं. थो काढून टाका. मंग जेवून घ्या, लय काम केलं तुमी. मी एवढं फुकट कोनाकडून करून नसतं घेतलं."

त्याला कळायला वेळ लागला. ते मी पायापासून वर चढताना पाहिलं. आधी त्यानं हातातल्या हिरव्या जुडीकडं पाहिलं, मग शेताकडं, आणि मग सुशीलाच्या टोळीतली एक म्हातारी खिंकाळल्यासारखी हसली.

तो धावत आला आणि त्यानं आत्याच्या कपाळावर, नेमकी टाक्यांच्या जागी, मूठ मारली. कोवळा व्रण फुटला. दुसऱ्या फटक्याला ती बांधावरून खाली शेतात पडली, तो तिच्या मानेवर गुडघा देऊन बसला आणि तिचं तोंड चिखलात दाबलं. 'टोनही' म्हणत होता, दर दाबण्याला एकदा. आत्या पाय झाडत होती. मी त्याच्या पाठीवर उडी मारली, त्यानं कोपरानं मला उडवलं. आत्याचा हात चिखलात चाचपडत होता आणि त्याला तो पायप लागला, पाणी बघायचा. तिनं तो उपसला. पोरांच्या तुडवण्यानं आत माती गच्च भरलेली, म्हणजे दांडकंच. न बघता, मागच्या मागं, एकदाच फिरवला.

आवाज कसा आला ते मी करून दाखवू शकते. लिहिता येत नाही.

देवानंद तोंड धरून मागं पडला आणि मनगटावर पडला. म्हणून पट्टी हाताला होती आणि गल्लीला बोटं सुचली. इकडं सुशीलाला काही वेगळंच दिसत होतं. तिची निंदणी. सोमवारची, मंगळवारची, सगळी उपटून बांधावर टाकलेली. "हमर बनी ल ये टुरा मन खा दिन!" आमची मजुरी ह्या पोरांनी खाल्ली, अशी ती गरजली आणि टोळी पोरांवर तुटून पडली. ज्या सुरात आत्याला दगड मारला त्याच सुरात. चिखल, लाथा, सावाच्या ओल्या जुड्या. पांढऱ्या बुटाच्या पोराला बायांनी त्याच्याच बुटानं मारलं. पोरांनी देवानंदला मध्ये बसवून मोटरसायकल पळवली तेव्हा सुशीला मागून ओरडली, "काली फेर आबे, जम्मो ल निंदवाहूँ!" उद्या परत ये, सगळं शेत निंदवून घेते.

देवानंद पोलिसांत गेला नाही. गेला असता तर वहिनीनं पेरलेल्या शेतात काय उपटत होतो ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा बोटांची गोष्ट बरी.

धान कापून खळ्यावर आलं त्या रविवारी तो घरी आला. दोन दात नसले की 'देखो'तला 'द' कसा सटकतो ते मी तिथंच उचललं. "देखो भाऊ, एका वर्साच्या नशिबावर..." एवढंच झालं. फुफाजींनी डाव्या हातातला चहाचा स्टीलचा पेला फेकून मारला. तो देवानंदच्या कानाजवळून गेला आणि मागचं कॅलेंडर फाटलं. "बे... बी... चं," फुफाजी म्हणाले. तोंडाच्या अर्ध्या बाजूनं, पण गल्लीभर ऐकू गेलं. देवानंद उठून गेला. आत्यानं चहा सांडला म्हणून फुफाजींना एक ठेवून दिली, आणि मग पदरानं त्यांची हनुवटी पुसत बराच वेळ तिथंच बसून राहिली.

त्या दिवशी नव्या तांदळाचा भात रांधला. जेवायला सुशीलाही होती, चाव्याचं कडं असलेल्या हातानं पापड भाजत. आत्यानं झाकण काढलं. वाफ गेली.

पांढरा. इस्पितळाच्या चादरीसारखा पांढराफटक.

"कर," आत्या म्हणाली.

मी उभी राहिले. पदर खोचला, डावा कान पुढं केला, तोंडाआधी हात काढला. ड्रायव्हर झाला, मेळाव्यातला साहेब झाला, गोधडीवाला डॉक्टर झाला. सुशीला जमिनीवर हात आपटत होती, फुफाजींच्या तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसू गळत होतं. आत्या हसली नाही. परीक्षेचे मार्क द्यायला बसल्यासारखी ऐकत होती. शेवटी मी तिच्याच आवाजात, तिच्याच डोळ्यांत बघून म्हणाले, "जेवून घे, मंग मारतो."

"माहा आवाज एवढा फाटका नाई," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला. वर वरण, वर तूप. मी शेवटचं शीत पुसून खाल्लं, हात धुतला.

मग पाठीत बसली.